मधली कळ

मित्रांनो, माझा आवाज चार शेतं ओलांडून पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठवतो, पण खरं सांगू का? मी एक नंबरचा भित्रा आहे! मी ट्रम्पेट. अंग पितळेचं, तोंड कर्ण्यासारखं पसरट आणि पोटावर तीन कळा. कळ म्हणजे आपलं बटण हो. बोटानं दाबायचं, सोडलं की आपोआप वर येतं. वाजवणारा एका टोकानं फुंकतो आणि कळा दाबून सूर बदलतो. इतकं साधं माझं शरीर. पण त्या तिघींतली मधली कळ एकदा अशी रुसून बसली की माझा जीवच जायचा होता. तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म हातोड्याखाली झाला. दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात पितळेचा पत्रा तापवला, गुंडाळला आणि एका कारागिरानं ठाकठोक ठाकठोक करत मला आकार दिला. तुम्हाला तुमचा जन्म आठवत नाही, तुमचं बरं आहे. मला आठवतो. तेव्हापासून हातोडा नुसता दिसला तरी माझ्या सगळ्या नळ्या आक्रसतात.

मग गवतात गुंडाळून, खोक्यात घालून मला रेल्वेत टाकलं. अंधार, धडधड आणि कुठे चाललोय काही पत्ता नाही. मलकापूर स्टेशनवर खोकं उघडलं, तेव्हा पहिल्यांदा मला कडूबा दिसले. तेव्हा ते तरणेबांड होते. दात असे पांढरेशुभ्र आणि मजबूत की मला वाटलं, हे मला खातातच की काय! पण त्यांनी मला ओठांना लावलं, डोळे मिटले आणि हळूच फुंकर मारली. माझ्या आतून जो सूर निघाला ना, तो ऐकून हमालांनीही ओझी खाली ठेवली.

कडूबांचं गाव मोताळ्याजवळ. थंडी-पावसाळ्यात ते वांगी-मिरची लावायचे आणि लग्नसराई आली की गावच्या बँडमध्ये मला वाजवायचे. किती वराती पाहिल्या मी! देऊळगाव राजाच्या जत्रेत वाजलो, पिंपळगाव राजाच्या पाटलांकडे वाजलो. एकदा मी नवरदेवाच्या घोड्याच्या कानाशी असा काही कडाडलो की घोडा नवरदेवासकट शेजारच्या कपाशीत घुसला. लोक हसून लोळले, पण मी वरात संपेपर्यंत थरथरत होतो. वाटलं, आता मला आपटतात! कोणी आपटलं नाही. उलट बायाबापड्या म्हणायच्या, "कडूबाचा बाजा आला म्हन्जे लगन लागलंच समजा."

ते दिवस गेले. गावोगावी ट्रकावर डीजे आले. त्यांच्यासमोर माझा आवाज म्हणजे ढगांच्या गडगडाटात चिमणीची चिवचिव. बँडमधले लोक पांगले. त्यातच कडूबांचे पुढचे दात पडले आणि मित्रांनो, पुढचे दात नसले की ट्रम्पेट वाजत नाही. ओठांना आधारच राहत नाही, हवा फुसकन निघून जाते. मला एका खिळ्यावर टांगलं. माझ्या कर्ण्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं. पाल तर रोज येऊन माझ्या गळ्यात झोपायची. मी ओरडू तरी कसा? फुंकणारं कोणी नव्हतं.

माझ्या शेजारच्या खिळ्यावर यूफोनियमदादा होता. माझ्यासारखाच, पण जाडजूड आणि घोगऱ्या आवाजाचा. एका सकाळी भंगारवाला गणेश हातगाडी घेऊन अंगणात आला. घरात शब्द चालायचा तो कडूबांच्या थोरल्या मुलाचा, म्हणजे पंजाबरावांचा. त्यांनी दादाला खिळ्यावरून काढलं. गणेशनं त्याला फरशीवर आडवा केला आणि हातोडा उचलला. गाडीत मावावा म्हणून चपटा करायचा होता ना त्याला! पहिल्या घावाला दादा घंटेसारखा वाजला. दुसऱ्या घावाला फुटक्या घागरीसारखा. तिसऱ्यानंतर वाजलाच नाही.

मी खिळ्यावरून सगळं पाहत होतो. पुढचा नंबर माझाच होता.

मला वाचवलं ते अनुपमानं. ही कडूबांची नात, पंजाबरावांची पुतणी. तेव्हा चौथीत होती. तिनं दोन्ही हातांनी मला छातीशी धरलं आणि असं भोकाड पसरलं की पंजाबराव कंटाळून म्हणाले, "राहू द्या बे ते पिपानी! पोट्टीचा आवाज त्याच्याहून मोठा हाय!"

त्या दिवसापासून मी अनूचा झालो. कडूबा फुंकू शकत नव्हते, पण गाऊन दाखवू शकत होते. बांधावर बसून ते सूर गुणगुणायचे आणि वांग्याच्या ओळींत उभी राहून अनू तो माझ्यातून काढायची. आधी म्हशीसारखा हंबरलो, मग बदकासारखा केकाटलो, आणि हळूहळू, मित्रांनो, मी पुन्हा गायला लागलो! अनू अकरावीत गेली, बुलढाण्याच्या एका कॉलेजात एसटीनं जायला लागली, तरी दुपारी घरी आली की आधी मी आणि मग अभ्यास. तिचे ओठ तयार झाले, श्वास लांब झाला. पण एक गोष्ट मात्र होती. वांग्यांसमोर वाजवणारी ही वाघीण माणसांसमोर शेळी व्हायची. कॉलेजात कोणालाच ठाऊक नव्हतं की हिला माझ्यासारखा मित्र आहे.

जानेवारी लागला आणि एका दुपारी अंगणात स्कूटी थांबली. डोक्याला रुमाल बांधलेल्या, धुळीनं माखलेल्या एक बाई उतरल्या. त्या सुचिता मॅडम, अनूच्या कॉलेजातल्या खेळाच्या शिक्षिका. मोताळ्याच्या बाजारात पत्ता विचारत विचारत इथवर पोचल्या होत्या.

"आजोबा, तुम्ही बँडमध्ये होतात ना? आमच्या कॉलेजचा संचलनाचा बँड उभा करतोय. ढोल बडवायला पोरांची रांग लागली, पण फुंकायला कोणी सापडेना. शून्यापासून शिकवायला वेळ नाही, सव्वीस जानेवारीची परेड तोंडावर आली. मला तयार वाजवणारे हवेत. तुम्ही, नाहीतर तुमच्या हाताखाली शिकलेलं कोणी येईल का?"

कडूबांनी आपलं बोळकं दाखवलं. "माह्यं तोंड पाहा ना बाई. हवा फुंकाच्या आंधीच निंगून जाते. पन माह्यी नात वाजवते. ए अनू! ये अठी!"

अनू दाराआडून अर्धी बाहेर आली. मॅडम बघतच राहिल्या. "तू? तू तर आपल्याच कॉलेजची! मग नाव का नाही दिलंस?"

"पोरं हसतीन म्हणून, मॅडम."

"वाजव बघू."

तिनं मला ओठांना लावलं. ओठ कोरडे पडलेले. फुस्स! माझ्यातून सायकलच्या ट्यूबसारखा आवाज निघाला. अनूचे कान लाल झाले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी सकाळी सातला कॉलेजच्या मैदानावर निवड आहे. ये. ज्याची निवड झाली तो बँडमध्ये, बाकीचे घरी."

स्कूटी गेली आणि खाटेवर चहा पीत बसलेले पंजाबराव बोलले. "हे पाहा अनू. गाव हासून राह्यलं, पोरगी पिपानी फुकते म्हनून. आता एकदाचा सोक्षमोक्ष लाव. निवड झाली तर ठेव तो बाजा. नाही झाली तर सोमवारी गणेश येतेच हाय गाडी घेऊन."

"काका..."

"काका-बिका नाही. सांगून राह्यलो ना?"

तुम्हीच विचार करा, माझं काय झालं असेल. रविवारी अनू नापास झाली तर सोमवारी माझ्यावर हातोडा! आणि अनूच्या हातात काय उरणार? पुन्हा दाराआडून अर्धं बाहेर येणं.

शनिवारी संध्याकाळी कडूबांनी मला चुलीजवळ घेतलं. चिंच आणि राख लावून असं चमकवलं की मी माझ्याच अंगात त्यांचा सुरकुतलेला चेहरा बघितला. मग त्यांनी माझ्या तिन्ही कळा काढल्या, पुसल्या आणि खोबरेल तेलाच्या बाटलीतून तेल ओतलं. एरवी थेंब-थेंब घालायचे. त्या दिवशी उद्याच्या काळजीनं हात सैल सोडला. "पी बाप्पा, पी. उद्या माह्या पोरीची लाज राख." आहाहा! काय सुख वाटलं! चुलीच्या उबेत कळा लोण्यासारख्या खालीवर होऊ लागल्या. आमच्या घरात केसांना, तव्याला, दाराच्या कडीला, मला, सगळ्यांना तेच तेल. कधी काही बिघडलं नव्हतं. बिघडणार कसं? लग्नं लागायची उन्हाळ्यात आणि अनूचा सराव भर दुपारी. थंडीच्या पहाटे मला आजवर कोणी वाजवलंच नव्हतं.

रविवारी उजाडायच्या आत आम्ही पहिल्या एसटीत बसलो. मी जुन्या चादरीच्या पिशवीत, पिशवी अनूच्या मांडीवर, शेजारी मफलर गुंडाळलेले कडूबा. आमच्या खिडकीची काच लागत नव्हती. गाडी राजूरच्या घाटाला लागली, तसा गारठा सुरीसारखा आत घुसला. एकेक वळण वर जावं तसं माझं पितळ आणखी गार. आणि मग मला काहीतरी वेगळंच जाणवायला लागलं. माझ्या पोटात काहीतरी घट्ट होत होतं. कळांच्या भोवतीचं ते पातळ, गुळगुळीत तेल जड झालं, मग चिकट, मग नुसता मेणाचा गोळा. मला ओरडून सांगायचं होतं, अनू, माझं काहीतरी होतंय गं! पण मी बंद पिशवीत, आणि अनू डोळे मिटून आपले सूर पाठ करत होती.

मैदानावर धुकं होतं. तोंडातून वाफा काढत पोरं उभी होती. कोणी बासरी आणली होती, कोणी जत्रेत मिळतो तसला पेपाणा, एकानं तर नुसती शिट्टीच. प्रेम नावाच्या एका मुलाकडे कोरा करकरीत, चांदीसारखा ट्रम्पेट होता, मखमली पेटीतला. त्यानं माझ्याकडे वाकून पाहिलं. "हे काय गं? घरचा हंडा आणला का?"

अनूनं मला पिशवीत लपवलं. कडूबा मात्र म्हणाले, "हंडाच हाय बाप्पा. तुह्यासारखे लय जन यात बुडले."

निवड करणारे होते ज्ञानेश्वर सर. पोलीस बँडमधून निवृत्त झालेले, मिशा ताठ आणि पाठ त्याहून ताठ. त्यांनी पहिल्यांदाच बजावलं, "वसतिगृहातली मुलं झोपली आहेत, उगाच कलकलाट नको. नंबर येईपर्यंत कोणीही वाद्याला तोंड लावायचं नाही." झालं! म्हणजे आधी एकदा फुंकून बघायचीही सोय नाही. माझ्या पोटातलं कोणालाच कळणार नव्हतं.

प्रेमनं सुरेख वाजवलं, खोटं कशाला बोलू. मग मॅडमनी नाव पुकारलं, "अनुपमा!"

ती पुढे गेली. या वेळी ओठ ओले होते. पहिला सूर लागला, भरघोस आणि स्वच्छ. पोरांनी माना वळवल्या. दुसऱ्या सुरासाठी तिनं मधली कळ दाबली. जोर लावावा लागला, पण कळ खाली गेली. आणि मित्रांनो, ती वर आलीच नाही.

मी आतून जिवाच्या आकांतानं स्प्रिंग ढकलत होतो. कळ हलेना! पुढचा सूर भलताच निघाला, त्याच्या पुढचा त्याहून भलता. कोंबड्याचा गळा धरल्यासारखा मी केकाटलो. मागून कोणीतरी "म्याँव" केलं आणि सगळं मैदान फिदीफिदी हसायला लागलं.

"वाद्य बिघडलेलं आहे," सर म्हणाले. "पुढचा."

"सर, एक मिनिट..."

"शेवटी वेळ उरला तर बघू. तोवर नीट होत असेल तर कर."

सुचिता मॅडम जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "अनुपमा, प्रेमला सांगते मी. त्याच्या ट्रम्पेटवर वाजव ना."

मला वाटलं, संपलं. किती सोपं होतं! तिनं नुसतं हो म्हणायचं होतं. पण अनूनं मला आणखी घट्ट धरलं. "नको मॅडम. याच्यावरच वाजवते. याच्यावर नाही वाजवलं तर काका याले... याला घरात नाही ठेवणार."

आम्ही फाटकाजवळच्या चहाच्या टपरीमागे गेलो. "स्प्रिंग तुटली वाटते माय. माह्यंच काहीतरी चुकलं." त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली काढली. "अजून दोन थेंब सोडून पाहू." माझ्या अंगावर काटा आला. नको कडूबा, तेच तर पोटात बसलंय! त्यांनी बाटली उलटी केली. काही पडेना. हलवली, तरी पडेना. तळहातावर आपटली.

अनू त्या बाटलीकडे टक लावून बघत होती. आत पांढराशुभ्र गोळा. रोज सकाळी वेणी घालताना हीच बाटली ती चुलीजवळ धरायची.

"आबा!" ती किंचाळलीच. "तेल थिजलं! बाटलीतलं थिजलं तं याच्या पोटातलं नाही थिजणार का?"

कडूबा बाटलीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. "अरे देवा. मीच पाजलं त्याले."

"आबा, रडू नोका आता. पानी पाहिजे, गरम पानी!"

टपरीवरच्या मावशी सगळं ऐकत होत्या. त्यांनी काही न विचारता चुलीवरची किटली उचलली. अनूनं डोक्याचा स्कार्फ सोडला, त्यावर गरम पाणी ओतून घेतलं आणि वाफाळता स्कार्फ माझ्या कळांभोवती गुंडाळला. तिची बोटं भाजली, पण तिनं सोडलं नाही. माझी काय अवस्था! एकीकडे ऊब, दुसरीकडे भीती, की नळ्या जोडणारा डाख सुटून माझे तिथेच दोन तुकडे झाले तर? मैदानातून एकेकाचं वाजवणं ऐकू येत होतं. बासरी संपली. पेपाणा संपला. शिट्टीवाला तर सुरू होऊन लगेच संपला.

टुक्! मधली कळ वर आली. पूर्ण नाही, पण आली.

"अनुपमा, येतेयस का?" मॅडमची हाक आली.

सरांनी घड्याळ बघितलं. "आता नुसतं उभं राहून नाही. चालत वाजवायचं. या टोकापासून झेंड्याच्या खांबापर्यंत. पावलं चुकली तर थांबायचं. सूर चुकला तरी थांबायचं."

अनू निघाली. डावं, उजवं, डावं, उजवं. ढोलवाला पोरगा ठेका देत होता. पहिली ओळ सुरेख गेली. कडूबांनी बांधावर शिकवलेली सलामी होती ती, नवरदेव मांडवात शिरताना वाजते ती. पण मैदानावर गारठा तसाच होता. स्कार्फची ऊब निघून गेली आणि मला पुन्हा तो मेणाचा गोळा जाणवायला लागला. आता अडकणार. आता अडकणार. खांब अजून किती लांब!

आणि अडकली. मधली कळ खाली गेली आणि तिथेच बसली.

मी डोळे मिटून घेतले असते, डोळे असते तर. पण अनू थांबली नाही! उजव्या हाताची बोटं कळांवर, आणि डाव्या हाताचं एक बोट तिनं पुढे सरकवलं. कळ दाबायची उजव्या हातानं, नखाच्या टोकानं ओढून वर काढायची डाव्या हातानं. दाब, ओढ. दाब, ओढ. पावलं ठेक्यात, श्वास ठेक्यात आणि मध्येच हे बोट कोंबडीनं दाणा टिपावा तसं माझ्या पोटाशी टिपतंय! दिसायला अगदी वेड्यासारखं. मागचे हसले. अनूनं ढुंकून पाहिलं नाही. मी तर भीतीनं बधिर झालो होतो, तरी तिच्या श्वासामागून जात राहिलो. शेवटचा सूर तिनं खांबाला पाठ लावून सोडला.

मग सर चालत आले.

"हे डाव्या हाताचं काय चाललं होतं?"

"कळ वर ओढत होते, सर. ती अडकते."

"कशानं?"

"खोबरेल तेलानं." अनूनं मान खाली घातली, मग पुन्हा वर केली. "आम्हाला ठाऊक नव्हतं थंडीत असं होतं."

सरांची मिशी हलली. हसले की काय, कळलं नाही. ते मॅडमना म्हणाले, "वाद्य अडलं तरी ही अडली नाही. हिला घ्या."

अनू उड्या मारायला लागली. कडूबांनी मफलरमध्ये तोंड लपवलं. पण माझ्या कानांवर सरांचं पुढचं वाक्य पडलं. "परेडला मात्र हा ट्रम्पेट चालणार नाही. कॉलेजनं नवीन घेतलेत, त्यातला वाजवशील."

जाताना त्यांनी कडूबांच्या हातावर एक छोटी बाटली ठेवली. "हे कळांचं तेल. थंडीत थिजत नाही. आधी कोमट पाण्यात साबण घालून कळा धुवा."

घरी येताच मला अंघोळ घातली, नवं तेल दिलं. माझं अंग पिसासारखं हलकं झालं. पण मनावरचं ओझं कुठे उतरणार? उद्या सोमवार होता.

सकाळी हातगाडीची घंटी वाजली. गणेश आला. पंजाबराव उठले आणि थेट माझ्या खिळ्याकडे आले. त्यांनी मला खाली काढलं.

अनू दप्तर घेऊन निघतच होती. "काका! निवड झाली ना माह्यी! तुम्हीच म्हन्लं होतं!"

"तुह्यी झाली. याची कुठी झाली?" पंजाबराव शांतपणे म्हणाले. "तुले कॉलेजनं नवा देला. आता हा काय कामाचा?"

पाहिलंत? मी जिच्या निवडीसाठी जीव टाकला, तीच निवड माझ्या गळ्याशी आली. गणेशनं मला हातात घेऊन तोललं. फरशीवर आडवा केला. तीच फरशी. त्याच्या दुसऱ्या हातात काय होतं, ते मी सांगत नाही.

एरवी काका बोलले की अनू आत निघून जायची. त्या दिवशी तिनं दप्तर खाली टाकलं आणि गणेशच्या पुढ्यात, अगदी माझ्याजवळ, मांडी घालून बसली.

"काका, कॉलेजचा ट्रम्पेट कॉलेजात कुलपात राह्यते. घरी आनता येत नाही. परेड जवळ आली. मंग घरी सराव कशावर करू? पोळपाट-लाटनं फुकू?"

गणेशला हसू फुटलं. "पंजाबभाऊ, लाटन्याचं भंगार मी घेत नाही बरं!"

"तू गप बे." पंजाबरावांनी दटावलं खरं, पण त्यांचे ओठही वाकडे व्हायला लागले होते. ते अनूकडे बघत राहिले. ही पुतणी त्यांच्याशी इतकं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलली होती. "कुठी शिकली एवढं बोलाले?"

"काल. मैदानावर."

पंजाबरावांनी खाली वाकून मला उचललं आणि अनूच्या मांडीवर ठेवलं. "फुक मंग. पन गोठ्याजवळ नोको. तू फुकली की गाय दूध चोरते."

गणेशनं तो हातोडा गाडीत टाकला. खण्ण! तो आवाज अजून माझ्या नळ्यांत आहे.

सव्वीस जानेवारीला मी परेड पाहिली, तीसुद्धा कडूबांच्या मांडीवर बसून, दोरीच्या अलीकडे. उडालेल्या धुळीत बँड येताना दिसत नव्हता, नुसता ढोल ऐकू येत होता. ट्रम्पेट का ऐकू येत नाही? थंडी तर आजही आहे. तिच्या नव्या वाद्याची कळ अडकली का? आणि मग धूळ थोडी खाली बसली आणि ती सलामी आली. अनूची! कडूबांनी मला उचलून आपल्या दात नसलेल्या तोंडाला लावलं. फुंकलं नाही. नुसती त्यांची म्हातारी बोटं माझ्या कळांवर नाचायला लागली, तिच्या प्रत्येक सुराबरोबर. दाब, सोड. दाब, सोड. मी वाजलो नाही. पण मित्रांनो, माझी मधली कळ दर वेळी वर आली.

तेव्हा माझं एवढं ऐका. कडूबांनी मला विष नव्हतं पाजलं, मायेनंच पाजलं होतं. पण माया करताना समोरच्याला काय सोसतं, हेही बघावं लागतं. तुमच्याही घरात कुठल्यातरी खिळ्यावर, माळ्यावर, पलंगाखाली माझ्यासारखं कोणी पडलं असेल. त्याला मोडीत देण्याआधी खाली काढा. धूळ पुसा. हळूच एक कळ दाबून बघा, वर येते का. आणि नाही आली, तर हसू नका. आत कोणीतरी खूप घाबरलेलं असतं.